गवय, गाय आणि उंदीर : हिवतापाच्या औषधांची परीक्षा

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हिवतापाच्या गोळ्यांवर काय बोलायचे? आम्हालाही आधी तसेच वाटले. पण निवृत्तीनंतर काही वर्षे आम्ही एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणी नीतिशास्त्र समितीवर बसलो. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर अशा समितीची परवानगी लागते, आणि समितीत विज्ञानाबाहेरचा, समाजाचे भान असलेला एक सदस्य लागतो. ती खुर्ची आमच्या वाट्याला आली. तिथे एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव आला : सातविणीच्या सालीचा अर्क हिवताप झालेल्या उंदरांना द्यायचा. आम्ही सहज विचारले, "बाई, उंदीर बरा झाला, तर माणसाबद्दल नेमके काय कळेल?" ती गप्प झाली. तिचे मार्गदर्शकही गप्प झाले. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याकडेही नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे.

आपल्या खानदेशाला हिवताप नवा नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची गावे आणि त्याहून जास्त सातपुड्याच्या पायथ्याची, म्हणजे यावल, चोपडा, शिरपूर या बाजूची गावे, पावसाळा उतरला की थंडी वाजून फणफणायची. आमच्या लहानपणी डीडीटीची फवारणी करणारी माणसे यायची, भिंतीवर गेरूने तारीख आणि खुणा करून जायची. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायची आणि कडूजहर गोळ्या देऊन जायची. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज सांगितला जातो. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. रोग संपला असे लोकांना वाटले. १९७६ मध्ये आकडा परत ६४ लाखांच्या वर गेला. त्या कडू गोळ्या कुठून आल्या, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नाही. त्या आल्या पाखरांतून.

गोष्ट रोनाल्ड रॉसपासून सुरू करू. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला त्याने डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी पाहिल्या. पुढची पायरी गाठायची तर त्याची बदली झाली खेरवाड्याला. हे गाव उदयपूरच्या दक्षिणेला, भिल्लांच्या मुलखात. मेवाड भिल्ल पलटणीचे ते ठाणे. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये आपल्या धरणगावला जी खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तिच्याच जातकुळीची ही पलटण. तिथे रॉसला हवे तसे हिवतापाचे रुग्ण मिळेनात. मग काय करणार? त्याने कबुतरांचे रक्त पाहायला सुरुवात केली. पुढे १८९८ मध्ये कोलकात्याला चिमण्यांच्या हिवतापावर काम करताना त्याने परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पकडला, आणि डास चावल्याने निरोगी पक्षी आजारी पडतो हे दाखवून दिले. माणसाचा हिवताप डासाने पसरतो, हा सिद्धान्त उभा राहिला तो चिमण्यांच्या जोरावर. माणसाच्या बाबतीत तो नंतर इटलीत सिद्ध झाला.

इथे आम्हाला न्यायदर्शनातले उपमान प्रमाण आठवते. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, गाईसारखे जनावर दिसते, आणि हाच गवय असे त्याला ज्ञान होते. मात्र नैयायिक इथे फार सावध आहेत. गाईसारखा म्हणजे गाय नव्हे, आणि साम्य कशात आहे हे सांगितल्याशिवाय ज्ञान होत नाही. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथल्या चर्चांत हा गवय कितीदा येऊन गेला असेल. प्रयोगशाळेतला उंदीर हा आमच्या मते असाच एक गवय आहे.

औषधांकडे वळू. कोयनेल, म्हणजे क्विनीन, १८२० मध्ये पॅरिसला सिंकोनाच्या सालीतून वेगळे काढले गेले. त्याच्या मागे कोणताही प्राणी नव्हता, माणसांनीच साल चावून चावून ते शोधले होते. पण नवे औषध बनवायचे तर हजारो पदार्थ तपासावे लागतात, आणि हजारो रुग्ण हाताशी नसतात. जर्मनीत बायर कंपनीत विल्हेल्म रोल याने १९२० च्या दशकात कॅनरी पक्ष्यांवर एक साधी पद्धत बसवली. पक्ष्याला हिवताप लावायचा, नळीने औषध पोटात घालायचे, रक्तात परजीवी उशिरा दिसतात का ते पाहायचे. त्यातून पामाक्विन आले आणि नंतर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मेपाक्रीन.

मग १९३४ मध्ये त्याच कंपनीत हान्स आंडरसाग याने एक पदार्थ तयार केला. त्याचे नाव रेसोचिन. पक्ष्यांवर तो चांगला चालला. पण काही चाचण्या आणि मोजक्या रुग्णांवरचे अनुभव पाहून 'माणसाला फार विषारी' असा शिक्का बसला आणि तो बाजूला पडला. त्याचा भाऊबंद सोन्टोचिन महायुद्धात ट्युनिसला दोस्त सैन्याच्या हाती लागला. अमेरिकेत त्या काळी चौदा हजारांच्या आसपास पदार्थ तपासले जात होते, कोंबडीची पिल्ले आणि बदकाची पिल्ले हीच त्यांची फौज. त्या तपासात रेसोचिनच पुन्हा वर आला आणि १९४६ पर्यंत ठरले की हेच उत्तम औषध आहे. त्याचे नवे नाव क्लोरोक्वीन. आमच्या लहानपणची कडू गोळी ती हीच. बारा वर्षे ती कपाटात पडून होती. त्या बारा वर्षांत किती माणसे गेली असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पाखराने खोटे सांगितले नव्हते, हे मात्र नोंदवले पाहिजे. चूक माणसांच्या निकालात झाली.

तरी पाखराची मर्यादा होतीच. पक्ष्याच्या लाल पेशीत केंद्रक असते, आपल्या लाल पेशीत नसते. डास चावल्यानंतर परजीवी आधी कुठे दडतो, हे पक्ष्यांत वेगळे आणि माणसात वेगळे. ते कोडे सुटायला माकड लागले. १९४८ मध्ये लंडनला शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी ऱ्हीसस माकडात प्लास्मोडियम सायनोमोल्गी हा परजीवी घालून तो आधी यकृतात वाढतो हे दाखवले. हा शॉर्ट भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षे काम केलेला. माकडाचा आणखी एक परजीवी, प्लास्मोडियम नोलेसी, १९३२ मध्ये कोलकात्याला नोल्स आणि दासगुप्ता यांनी अभ्यासला. सिंगापूरहून आलेल्या एका माकडाच्या रक्तात तो सापडला होता. त्यांनी तो माणसांनाही टोचून पाहिला आणि माणसांना ताप आला. पुढे कित्येक वर्षे हा 'माकडांचा' परजीवी प्रयोगशाळेत नमुना म्हणून वापरला गेला. २००४ मध्ये बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मलेशियाच्या सारावाकमध्ये माणसांना तो नैसर्गिकपणेच होतो आहे. नमुना म्हणून पाळलेली गोष्ट रोग निघाली. गवय म्हणता म्हणता गाय निघाली, बघा.

यातले बहुतेक माकड भारतातून जायचे. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ऱ्हीसस माकडांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच्याही आधी संशोधकांनी दुसरा रस्ता काढून ठेवला होता : उंदीर. १९४८ मध्ये बेल्जियन काँगोत विंके आणि लिप्स यांना झाडावरच्या उंदरांत प्लास्मोडियम बर्घी सापडला. तो पांढऱ्या उंदरात सहज वाढतो. झाले, पक्षी मागे पडले. वॉल्टर पीटर्सच्या नावाने ओळखली जाणारी चार दिवसांची चाचणी आजही आपल्या कॉलेजांत चालते. उंदराला परजीवी टोचायचा, त्याच दिवशी आणि पुढचे तीन दिवस औषध द्यायचे, आणि मग शेपटीच्या रक्ताची काचपट्टी पाहून औषध न दिलेल्या उंदरांपेक्षा परजीवी किती टक्के कमी झाले ते मोजायचे. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने १९६३ नंतर अडीच लाखांहून जास्त पदार्थ उंदरांतून चाळले. त्यातून मेफ्लोक्वीन निघाले. चीनमध्ये तू यूयू यांना सुरुवातीला क्विंगहाओच्या अर्काचे धड निकाल मिळत नव्हते. मग त्यांनी कमी तापमानाला इथरने अर्क काढला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी हिवताप झालेल्या उंदरांवर त्याचा परिणाम शंभर टक्के आला. नंतर माकडांवर. त्यानंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. उंदराने इथे माणसाला वाचवलेच, यात वाद नाही. जो कोणी म्हणेल की प्राण्यांवरचे प्रयोग म्हणजे निव्वळ क्रौर्य आणि फायदा शून्य, त्याला ही तारीख सांगावी.

पण औषध चालते हे कळणे वेगळे आणि ते कसे चालते हे कळणे वेगळे. आमचा खरा रस दुसऱ्या प्रश्नात आहे.

परजीवी आपल्या लाल पेशीतले हिमोग्लोबिन खातो. खाल्ल्यावर हिम उरते, ते त्याला विषारी. तो त्याचे स्फटिक करून बाजूला ठेवतो. तेच ते काळपट रंगद्रव्य. क्लोरोक्वीन हे स्फटिक होऊ देत नाही. १९६० च्या दशकात वॉरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या आणि माकडांच्या परजीवींत पाहिले की औषध दिल्यावर रंगद्रव्याचे गोळे होतात. फिच याने १९६९ मध्ये दाखवले की ज्या बर्घीवर क्लोरोक्वीन चालत नाही त्याच्या पेशी ते औषध कमी धरून ठेवतात. इथपर्यंत उंदीर बरोबर चालला. मग एक आडवळण. उंदरातला हा क्लोरोक्वीनला न जुमानणारा बर्घी रंगद्रव्य जवळजवळ बनवतच नाही, आणि तो तरुण, अपक्व लाल पेशींतच राहतो. आपला फाल्सिपेरम असे करत नाही. म्हणजे दोघेही औषधाला दाद देत नाहीत, पण कारण वेगळे. आसाममध्ये १९७३ मध्ये क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हा उंदरावरून काढलेले स्पष्टीकरण तिथे जसेच्या तसे लागू होण्यासारखे नव्हते. २००० मध्ये माणसाच्या परजीवीत पीएफसीआरटी हे जनुक सापडले आणि मुख्य कारण कळले.

इथे लोक म्हणाले, उंदराला सोडा आता. पण २०१२ मध्ये उंदराच्याच दुसऱ्या परजीवीत, चाबौडीत, क्लोरोक्वीनच्या सौम्य प्रतिकाराशी जोडलेले एक वेगळे जनुक सापडले, एएटी१. ते उंदराचे खूळ म्हणून बाजूला टाकण्यासारखे होते. २०२३ मध्ये गाम्बियातल्या फाल्सिपेरमच्या अभ्यासात तेच जनुक आपल्या परजीवीतही प्रतिकाराला हातभार लावते असे दिसले. म्हणून आम्ही म्हणतो, उपमानाला खरे किंवा खोटे म्हणण्याआधी ते कशाच्या बाबतीत आहे ते विचारा.

दुसरी साखळी अधिक सुंदर आहे. अटोव्हाक्वोन हे औषध परजीवीच्या सूत्रकणिकेवर घाव घालते, हे अखिल वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उंदराच्या योएली या परजीवीत दाखवले. १९९९ मध्ये त्याच योएलीतून औषधाला दाद न देणारे परजीवी निवडून, ते औषध सायटोक्रोम बी या प्रथिनाला नेमके कुठे चिकटते ते काढले. २००७ मध्ये कळले की रक्तातल्या परजीवीला ती सूत्रकणिकेची यंत्रणा मुख्यतः एकाच कामासाठी लागते : डीएनएचे घटक बनवणाऱ्या एका विकराला चालू ठेवण्यासाठी. त्या विकरावर औषध शोधणाऱ्यांत प्रदीप राठोड होते, ज्यांचे गोव्यात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर हिवतापाचे मोठे काम आहे. त्यांचे पहिले रेणू प्रयोगशाळेतल्या परजीवीवर झकास चालले आणि उंदराच्या अंगात गेल्यावर फुसके ठरले, कारण शरीर ते औषध टिकूच देत नव्हते. रेणू सुधारावे लागले. पुढे डीएसएम२६५ ची परीक्षा झाली ती एका विचित्र उंदरात. त्या उंदराला स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नाही, आणि त्याच्या अंगात माणसाचे रक्त खेळवलेले असते. माणसाचा फाल्सिपेरम त्या रक्तात वाढतो. ही पद्धत २००८ मध्ये स्पेनमध्ये नीट बसवली गेली. उंदीर हा आता फक्त पिशवी, आतले रक्त माणसाचे.

आणि इथे, मंडळी, आपला सातपुडा येतो.

हिवतापाचा एक प्रकार व्हायवॅक्सचा. तो यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी परत उठतो. झोपलेला परजीवी १९८० च्या सुमारास पहिल्यांदा दिसला, तोही ऱ्हीसस माकडात. त्याला मारणारे जुने औषध प्रायमाक्वीन, चौदा दिवस घ्यायचे. हे औषध पामाक्विनच्याच घराण्यातले. त्याचा एक धोका ना पाखराने सांगितला, ना उंदराने, ना माकडाने. काही माणसांच्या लाल पेशींत जी६पीडी नावाचे विकर कमी असते. अशा माणसाला प्रायमाक्वीन दिले की लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते, कधी जिवावर बेतते. हे विकर कमी असणे हेच मूळ कारण आहे, हे १९५६ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांच्या रक्तातून कळले. तिथे महायुद्धापासून कैद्यांना हिवताप लावून औषधे तपासली जात होती. प्राण्याने सांगितले नाही म्हणून कैद्याने सांगितले. त्या कैद्याची संमती किती मोकळी होती, हा प्रश्न आम्ही त्या समितीच्या टेबलावर अनेकदा मनात घोळवला आहे. समिती उंदराची. कैद्यासाठी त्या काळी कसली समिती होती?

नैयायिक इथे उपाधी म्हणतील. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे ओले सरपण असेल तरच. प्रायमाक्वीन सुरक्षित आहे, हे विकर पुरेसे असेल तरच. ही उपाधी प्राण्याच्या प्रयोगात दिसली नाही, कारण प्राण्याचे सरपण वेगळे होते.

महाराष्ट्रात ही गोष्ट पुस्तकी नाही. मुंबईत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पारशी समाजात जी६पीडीची कमतरता नोंदवली गेली. तिच्या एका प्रकाराला शास्त्रज्ञांनी नावच दिले आहे केरळ-कल्याण. हो, आपलेच कल्याण. दुसऱ्याला ओरिसा म्हणतात, तो आदिवासी समाजांत बराच आढळतो. केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रक्तशास्त्र संस्थेने यावर बरेच काम केले आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आहे, हे खानदेशातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. ही दोन्ही रक्ताची वैशिष्ट्ये हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण हिवतापापासून ती काही प्रमाणात वाचवतात असे मानले जाते. म्हणजे ज्या माणसांना प्रायमाक्वीनची गरज जास्त पडण्याची शक्यता, त्यांच्याच रक्तात त्याचा धोका असण्याची शक्यताही जास्त. सरकारी सूचना सांगतात की जी६पीडी कमी असलेल्यांना, गरोदर बायकांना, तान्ह्या मुलांना ही गोळी देऊ नये, आणि लघवी काळपट झाली तर लगेच बंद करावी. पण शिरपूरच्या वर डोंगरातल्या पाड्यावर, चौदा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात देऊन आलेल्या कार्यकर्त्याला लघवीचा रंग कोण दाखवणार?

आता त्या विचित्र उंदराकडे परत. २०१३ मध्ये अमेरिकेत रोझमेरी रॉशफर्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अंगात जी६पीडी कमी असलेल्या माणसाचेच रक्त भरले, आणि प्रायमाक्वीनच्या घराण्यातली औषधे देऊन पाहिली. त्या लाल पेशी फुटल्या. १९५६ मध्ये कैद्याच्या अंगात जे झाले, ते आता उंदराच्या अंगात होऊ लागले. कुणाला हे ऐकून अंगावर काटा येईल, कुणाला हायसे वाटेल. आम्हाला दोन्ही वाटते, आणि त्याबद्दल आम्ही लाज बाळगत नाही.

कायदा काय म्हणतो? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि प्रयोगांचे नियम १९९८ चे. त्यांचा आग्रह असा की जितके लागतील तितकेच प्राणी, वेदना कमीत कमी, पर्याय असेल तर पर्याय. समितीत बहुतेक वेळ आकड्यांवर जायचा. गटात सहा उंदीर की आठ, एवढीच चर्चा. पण सहाच्या सहाही उंदीर वाया जातात, जर प्रश्नच चुकीचा असेल तर. त्या सातविणीच्या प्रस्तावात अर्काची मात्रा होती उंदराच्या वजनाच्या किलोमागे ५०० मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने उंदराची मात्रा माणसाला लावायची तर साधारण बाराने भागतात. म्हणजे किलोमागे चाळीस मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे अडीच ग्रॅम सुका अर्क. कोण घेणार तो? शिवाय बर्घीची लागण औषध न दिलेल्या उंदराचा जीवच घेते, आणि परजीवी जिवंत ठेवायचा म्हणजे एका उंदरातून दुसऱ्यात टोचत राहायचे. त्या उंदरांचा उल्लेख प्रस्तावात नव्हताच. आम्ही तो लिहायला लावला. तेवढ्यावरून आम्हाला नंतर 'अडवणूक करणारे सर' म्हणाले जाई, असे कानावर आले.

ती विद्यार्थिनी मात्र पुढच्या बैठकीत परत आली. तिने प्रस्ताव बदलला होता. आधी अर्क माणसाच्या रक्तात वाढवलेल्या फाल्सिपेरमवर काचेच्या भांड्यात पाहायचा, त्यासाठी तिने दुसऱ्या प्रयोगशाळेशी बोलणे केले होते. तिथे काही दिसले तरच उंदीर. आणि शेवटी एक ओळ होती : उंदराच्या चाचणीतून जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या सुरक्षिततेबद्दल काहीही कळणार नाही. आम्ही सही केली.